मोरी आमची, पाणी वरच्यांचं : सामायिक ड्रेनेज लाइन पुन्हापुन्हा तुंबते तेव्हा

घरातले सगळे नळ बंद होते. तरी न्हाणीघराच्या जाळीतून आधी दोनचार बुडबुडे आले, मग राखाडी फेसाळ पाणी वर चढलं आणि बघता बघता दारातल्या पायपुसण्यापर्यंत पोचलं. त्या पाण्याला ज्या साबणाचा वास येत होता, तो साबण आमच्याकडे कुणी वापरतच नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. प्लंबर आला, स्प्रिंग (पाईपात घालून फिरवायची लांब लवचिक तार) मारली, पाणी गडगडत खाली गेलं, ‘झालं काम’ म्हणून तोही गेला. सव्वा महिन्याने पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा.

तिसऱ्या खेपेला मी त्याला जाऊ दिलं नाही. चेंबरपाशी उभं केलं आणि विचारलं, लाइन साफ झाली का? तो म्हणाला, “ताई, तुम्ही उघडायला बोलावलंत, उघडून दिली. साफ करायचं काम वेगळं.”

मला राग आला खरा, पण माणूस बरोबर बोलत होता. साधारण शंभर मिलिमीटर पोकळीच्या पाईपात चरबी, साबणाचा साका आणि केस यांचा गच्च बोळा बसलेला असतो. स्प्रिंगचं टोक त्यातून आरपार जातं आणि समजा तीस मिलिमीटरचं भोक पडतं. वर साचलेलं पाणी त्यातून सुटतं, सगळ्यांना हायसं वाटतं. पण तीस मिलिमीटरचं भोक म्हणजे मूळच्या मोकळ्या जागेच्या फक्त ९ टक्के. बाकीचा ९१ टक्के माल आत जसाच्या तसा, त्यात भोकाच्या कडा खरखरीत आणि चिकट. पुढचा केस तिथेच अडकतो.

म्हणून लाइन वारंवार तुंबत असेल तर ‘कशाने उघडू?’ हा प्रश्न दुसरा. आधी हे शोधा की अडलंय कुठे आणि दोन वेळांमधलं अंतर किती आहे.

आत्ता पाणी चढत असेल तर

पहिलं काम जिन्यात उभं राहून हाक मारायचं. वरच्या सगळ्यांचे नळ, वॉशिंग मशीन, फ्लश बंद. तुंबलेल्या लाइनमध्ये वरून पडणारी प्रत्येक बादली सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर येणार, आणि ते तोंड बहुधा तुमच्या मोरीचं असतं.

जाळीवर ओलं फडकं आणि वर पाटा ठेवून पाणी अडवायचा मोह होतो. मीही केलं होतं. अर्ध्या तासात तेच पाणी स्वयंपाकघरातल्या जाळीतून आलं. त्यापेक्षा बाहेर जा आणि भिंतीलगतचा गली ट्रॅप, म्हणजे घरातलं सांडपाणी बाहेर आल्यावर आधी जिथे पडतं तो जाळीचा छोटा खड्डा, शोधा, त्याची जाळी उचला. गली ट्रॅपचा काठ घराच्या फरशीपेक्षा खाली ठेवायची पद्धत आहे ती याचसाठी : लाइन तुंबलीच तर पाणी अंगणात सांडावं, घरात नाही. पुष्कळ ठिकाणी अंगणाला कोबा करताना हा काठ वर उचललेला असतो किंवा जाळी चक्क सिमेंटने बुजवलेली असते. मग पाणी घरात येणारच. आमच्याकडे जाळीवर कुंडी होती.

पाण्यात उतरताना बूट आणि रबरी हातमोजे हवेतच, हातापायावर जखम असेल तर ती झाकलेली हवी. जमिनीवरचे वायरचे बोर्ड, वॉशिंग मशीनचा प्लग हे पाणी पोचायच्या आत काढा.

अडलंय कुणाच्या हद्दीत?

एकच बेसिन सावकाश जातंय आणि बाकी सगळं ठीक, तर गोष्ट तुमची खाजगी आहे. बेसिनखालचा बॉटल ट्रॅप (बाटलीच्या आकाराचा, आट्यांनी उघडणारा भाग) उघडा, केसांचा गुंडा काढा, संपलं. तुमच्याच घरातली मोरी, सिंक आणि वॉशिंग मशीनची जाळी तिन्ही एकदम रेंगाळायला लागली, तर तुमच्या घराची शाखा जिथे मोठ्या पाईपाला मिळते त्याच्या आसपास बघा. आणि तुम्ही पाणी न वापरता पाणी येत असेल, तर अडथळा सामायिक भागात आहे, याबद्दल शंका नको.

उभ्या पाईपाचा हिशोब सोपा असतो. पाणी जिथे बाहेर येतं तिथे दोष नसतो, दोष त्याच्या खाली असतो. तळमजला तुंबतोय आणि पहिला मजला छान वाहतोय, म्हणजे अडथळा तळमजल्याच्याही खाली, जमिनीतल्या आडव्या पाईपात. दुसरा मजला तुंबतोय आणि पहिला कोरडा आहे, म्हणजे त्या दोघांच्या मधल्या उभ्या पाईपात. म्हणूनच वरच्या मजल्यावरचे काका जेव्हा म्हणतात, “आमच्याकडे तर काहीच त्रास नाही बुवा,” तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्यांना तो त्रास कधी दिसणारच नाही.

काही इमारतींत मैल्याचा पाईप वेगळा आणि आंघोळ-भांड्यांच्या पाण्याचा वेगळा असतो, काहींत दोन्ही एकत्र. वर आलेलं पाणी नुसतं साबणाचं आहे की त्यात मैलाही आहे, एवढं नीट पाहिलंत तरी कोणती लाइन ते कळतं. तरी गोंधळ राहिलाच तर बादलीभर पाण्यात खाण्याचा रंग कालवून एकेका घरातून ओतायचा आणि खाली चेंबरमध्ये कधी, कुठून येतो ते पाहायचं. दोन घरांच्या मध्ये तासभर जाऊ द्या, नाहीतर कुणाचा रंग कुणाचा यावरूनच वाद.

आवाजाकडेही लक्ष द्या. वर कुणी फ्लश केला की तुमच्या जाळीत गुळगुळ होत असेल, तर पाईपातली हवा वाट शोधते आहे. खाली अर्धवट अडथळा असेल, किंवा गच्चीवर उघडं राहायला हवं ते पाईपाचं तोंड पक्ष्याच्या घरट्याने, पानांनी बंद झालं असेल. ट्रॅपमध्ये सुमारे ५० मिलिमीटर पाणी कायम उभं असतं, तेच घाण वासाला अडवतं. हवेच्या ओढीने ते खेचलं गेलं की वास घरात. (नुसता वासच येतोय, पाणी तुंबत नाहीये आणि ते न्हाणीघर महिनाभर वापरलेलं नाही, असं असेल तर प्लंबरला बोलावू नका. तांब्याभर पाणी ओता. ट्रॅप वाळलाय.)

चेंबर वाचायला शिका

घरात बसून जे दोन दिवसांत कळणार नाही, ते चेंबरची झाकणं उचलली की दहा मिनिटांत कळतं. मात्र आधी सावधगिरी. बंद चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठलेले असू शकतात. पहिल्याला सडक्या अंड्याचा वास असतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. ‘आता वास नाही, म्हणजे ठीक आहे’ हा निष्कर्ष जिवावर बेततो. झाकण पहारीने सरकवा, काही वेळ उघडं राहू द्या, आसपास विडी-काडी नको, वाकून डोकं आत घालू नका, मुलांना लांब ठेवा. आणि चेंबर कितीही उथळ वाटलं तरी आत उतरू नका, दुसऱ्या कुणाला पैसे देऊनही उतरवू नका. जे करायचं ते वरून, लांब दांड्याने किंवा मशीनने.

आता क्रम. घराच्या सगळ्यात जवळचं चेंबर आधी उघडा. ते भरलेलं असेल तर ढाळाच्या दिशेने पुढचं उघडा, मग त्याच्या पुढचं. पहिलं कोरडं चेंबर सापडलं की थांबा : अडथळा शेवटच्या भरलेल्या आणि पहिल्या कोरड्या चेंबरच्या मधे आहे. पहिलंच कोरडं असेल तर अडथळा घर आणि त्या चेंबरच्या मधे. शेवटच्यापर्यंत सगळी भरलेली असतील तर बाहेरची मुख्य लाइनच तुंबलीय. अशा वेळी घरात कितीही स्प्रिंग मारा, उपयोग नाही. ती लाइन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे तक्रार नोंदवा आणि नंबर लिहून ठेवा.

चेंबर रिकामं असलं तरी भिंतीकडे बॅटरी मारा. आमच्या चेंबरच्या चारही भिंतींवर तळापासून वीतभर उंचीवर पांढरट-करडी रेघ होती, बादलीत साबणाचं पाणी राहून गेल्यावर उमटते तशी. लांब दांड्याने खरवडली तर मेणासारखी निघाली. म्हणजे पाणी नुसतं आत्ता तुंबलं नव्हतं, कित्येक महिने ते रोज वीतभर चढत होतं आणि हळूहळू उतरत होतं. घरात यायला लागलं ते फार उशिरा.

अंतर हेच निदान

तुंबण्याच्या तारखा कॅलेंडरवर लिहा. वेळही लिहा. ही सूचना कंटाळवाणी आहे, पण माझ्या अनुभवात हिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही झाला नाही.

उघडल्यावर दोनतीन दिवसांतच पुन्हा तुंबलं तर आत काहीतरी घट्ट अडकलंय किंवा पाईप मोडलाय, सरकलाय. दरवेळी महिना-सव्वा महिना जात असेल तर भिंतींवर चरबीचा थर आहे आणि आपण दरवेळी नुसतं भोक पाडतोय. पावसातच होत असेल तर गच्चीचं किंवा अंगणाचं पाणी चुकून या लाइनला जोडलेलं असण्याची शक्यता मोठी. झाडाजवळून जाणारी लाइन असेल आणि स्प्रिंगच्या टोकाला बारीक लालसर-तपकिरी तंतू येत असतील, तर मुळं. ती सांध्यातल्या केसाएवढ्या फटीतून आत शिरतात आणि ओल मिळाली की आत जटा वाढवतात. आणि रोज सकाळी तेवढं चढून दुपारी आपोआप उतरत असेल, तर लाइन पूर्ण बंद नाही, अरुंद झालीय. सगळी घरं एकाच वेळी आंघोळी उरकतात तेव्हा तिला पेलवत नाही.

याखेरीज एक कारण असं आहे की जे कितीही साफ केलं तरी जात नाही, ते म्हणजे ढाळ. शंभर मिलिमीटरच्या पाईपाला साधारण ४० ला १ असा उतार धरतात, म्हणजे १० मीटर लांबीत २५ सेंटिमीटर. माती खचली की मधेच पाईपाला पोट येतं आणि त्या पोटात पाणी कायम उभं राहतं, गाळ तिथेच बसतो. वरून काही वापर नसतानाही पाईपात सोडलेल्या कॅमेऱ्यात पाईप अर्धा भरलेला दिसला, तर हेच. त्यावर औषध नाही, खणून पाईप पुन्हा बसवावा लागतो.

उघडायचं कसं

रबरी पंप मारायचा असेल तर आधी घरातल्या बाकीच्या जाळ्या आणि बेसिनचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्यांनी बंद करा. नाहीतर दाब तिकडून निसटतो. सामायिक लाइनवर मात्र पंप जपून मारा, कारण तुमचा जोर शेजारच्यांच्या जाळीतून कारंजं उडवू शकतो.

चेंबरमधून काम करताना शक्यतो कोरड्या चेंबरमधून, उलट्या दिशेने स्प्रिंग किंवा बांबूची कामटी घाला. काय लागतंय, काय निघतंय ते दिसतं. फक्त बूच निघालं की मागे साचलेलं सगळं एकदम धावून येतं, तेव्हा तोंडासमोर उभं राहू नका. त्याच चेंबरच्या पुढच्या तोंडाशी जाळी किंवा काटेरी पंजा धरायला दुसरा माणूस हवाच. जो बोळा सुटतो तो पकडला नाही तर पुढच्या टप्प्यात जाऊन बसतो, आणि आठ दिवसांनी तुम्हाला वाटतं की नवीनच काहीतरी झालं. आट्यांनी जोडायच्या दांड्या असतील तर त्या कायम उजवीकडेच फिरवा. डावीकडे फिरवल्यात तर सांधा सुटतो आणि दांडी आत राहते, म्हणजे आता अडथळे दोन.

थर जमलेला असेल तर स्प्रिंगने भागत नाही, जेटिंग लागतं, म्हणजे मशीनने मोठ्या दाबाचं पाणी नळीतून पाईपात सोडणं. नळीच्या टोकाला मागच्या बाजूला तिरकी भोकं असतात. त्यातून सुटणाऱ्या जोरदार धारा नळीला पुढे ढकलतात आणि भिंत खरवडत घाण मागे आणतात. पाईप जुना, तडे गेलेला असेल तर आधी तसं सांगा, दाब कमी ठेवतात. जेटिंगनंतर लगेच कॅमेरा घालायला लावा. घाणीने भरलेल्या पाईपात कॅमेरा घालून काही दिसत नाही, आणि साफ झाल्यावर पाहिलंच नाही तर मूळ कारण तसंच राहतं.

आता पावडरी आणि बाटल्यांबद्दल. माझं मत स्पष्ट आहे : सामायिक लाइनसाठी त्या आणू नका. साचलेल्या पाण्यात त्या पातळ होतात, अडथळ्यापर्यंत पोचेपर्यंत त्यात दम उरत नाही. कॉस्टिक सोडा पाण्यात पडला की खूप तापतो, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. आणि सामायिक लाइनचा खास धोका असा की तुम्ही ब्लीच ओतलंत आणि वरच्या वहिनींनी त्याच वेळी ॲसिड ओतलं, तर दोन्ही खाली एकाच पाईपात भेटतात आणि क्लोरीन वायू तुमच्याच जाळीतून वर येतो. ओतलंच असेल तर स्प्रिंगवाल्याला आधी सांगा, तो त्या पाण्यात हात घालणार आहे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर फसफसतात छान, पण फसफस थांबल्यावर उरतं ते खारट पाणी. उकळतं पाणीही नको, पीव्हीसी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. शिवाय गरम पाण्याने चरबी वितळते खरी, पण पुढे गार पाईपात जाऊन पुन्हा थिजते. आपली मोरी मोकळी आणि गोळा सगळ्यांच्या वाट्याला.

शेजाऱ्यांशी बोलणं

पहिल्या वेळी मी तावातावाने वर गेले होते. “तुमचं पाणी आमच्या घरात येतं!” काकूंनी दारातच “आमचं कशावरून?” असं विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंधरा दिवस जिन्यात बोलणं बंद.

तिसऱ्या वेळी वेगळं केलं. जेटिंगच्या दिवशी सगळ्यांना चेंबरपाशी बोलावलं. कुणाच्या घरी बैठक घेतली असती तर पुन्हा कुणाचं, कुणाचं हेच झालं असतं. उघड्या चेंबरपाशी उभं राहिल्यावर माणसं ‘काय आहे’ ते बघायला लागतात. आधी केस आले, सगळ्यांच्याच घरचे. मग ओल्या वाइप्सची चिवट दोरी, पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी हे कापड टॉयलेट पेपरसारखं विरघळत नाही. आणि मग जाळीत काहीतरी ठक्कन वाजलं.

सिमेंटचा गोळा होता तो. मुठीपेक्षा जरा मोठा, खालून गुळगुळीत आणि गोल, पाईपाच्या तळाचा अचूक साचा घेतलेला. वरून खडबडीत. त्या खडबडीत बाजूला हातभर लांब केसांची काळी शेपटी, चरबीने माखलेली. जेटच्या माऱ्याने तो तळापासून सुटला होता, तोवर स्प्रिंग दरवेळी त्याच्या डोक्यावरून निघून जात होती.

असा गोळा पाईपात जातो तो एकाच वाटेने : फरशी बसवून झाल्यावर गवंडी घमेलं आणि थापी मोरीत धुतो. पातळ सिमेंट जाळीतून सहज जातं आणि पाईपाच्या तळाशी बसून रात्रीत घट्ट होतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गेल्या काही वर्षांत फरश्या बदललेली घरं तीन. त्यातलं एक आमचं.

त्यानंतर पैशाचा विषय फार सोपा झाला. आमच्यात ठरलं ते असं : घराच्या आतली शाखा ज्याची त्याने बघायची, आणि दोन घरांचं पाणी जिथे एकत्र होतं तिथून पुढचा सगळा खर्च सगळ्यांनी समान. सगळ्यात खाली राहणाऱ्याने एकट्याने भरायचं काही कारण नाही. तो फक्त पहिला भिजतो. हे कागदावर लिहून सह्या घेतल्या, ज्यात फरशीचं काम काढणाऱ्याने गवंड्याला घमेलं बाहेर बादलीत धुवायला लावायचं आणि काम संपेपर्यंत जाळीला बूच मारायचं, हेही घातलं.

आता काय करतो

महिन्यातून एकदा दोन झाकणं उचलतो, बॅटरी मारतो, भिंतीवरची रेघ नवीन चढलीय का बघतो. तळमजल्याच्या उभ्या पाईपावर, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, झाकणाचा डोअर टी बसवून घेतला. पुढच्या वेळी घरात न येता बाहेरूनच स्प्रिंग घालता येईल. तेलकट भांडी धुण्याआधी कागदाने पुसायची हे सगळ्यांनी मान्य केलं, पाळतात किती जण ते रेघ सांगते.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा सल्ला मलाही मिळाला होता. बाहेरचं पाणी उलटं आत येऊ नये म्हणून तो चांगलाच, पण दोन गोष्टी विचारून मग बसवा. तो मिटलेला असताना तुमचंही पाणी बाहेर जात नाही, तेव्हा मशीन चालू राहिलं तर स्वतःच्याच पाण्याने घर भरेल. आणि त्याच्या पडद्यात केस अडकून तो अर्धवट उघडा राहतो, म्हणून तो हाताला येईल, उघडून धुता येईल अशाच जागी हवा. फरशीखाली गाडलेला व्हॉल्व्ह म्हणजे नवीन अडथळा.

झाकण परत बसवताना चौकटीच्या खाचेतली माती ब्रशने काढा आणि कडेला सगळीकडून ग्रीसचा हात फिरवा. वास अडतो आणि पुढच्या वेळी झाकण सरळ उचललं जातं. आम्ही पहिल्यांदा तसंच ठोकून बसवलं होतं. महिन्याने पहारीने उपटताना त्याचा एक कोपरा तुटला, अजून तसाच आहे.